दत्ताजीरावांची बायोप्सी

“घ्या! जैसे थे!” दत्ताजीरावांनी रिपोर्ट डॉक्टर कापडियांच्या टेबलावर आपटला. “नऊ वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणालात, हा कॅन्सर गरीब आहे, नुसतं लक्ष ठेवा. आणि परवा उगाच घाबरवलंत. सयाजीगंजच्या लॅबला दोन हेलपाटे झाले माझे.”

मानेवर जाडजूड पट्टी. पट्टीखाली गाठ. महिन्याभरात सुपारीची लिंबाएवढी झालेली.

“मी महिनाभर ओरडतेय,” बायको कुसुमावती म्हणाली. “पण माझं ऐकलं तर मिशी खाली येते ना यांची!”

“तू गप्प बस. तुला विधवा व्हायची घाई झालीय.”

“घाई मला नाही, गाठीला झालीय.”

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. परत वाचला. “जुओ, बघा काका, गाठ एवढी भराभर वाढतेय आणि रिपोर्ट म्हणतो सगळं शांत. हे जमत नाही. शांत कॅन्सरसुद्धा कधीकधी वर्षांनी बदलतो, आडदांड होतो. मग औषधच दुसरं लागतं. म्हणून तर गाठीचा नवा तुकडा काढायला सांगितला. बायोप्सी केली कुणी?”

“त्या लॅबवाल्यानं.”

“लॅबवाला तपासतो. तुकडा काढला कुणी?”

दत्ताजीराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

कुसुमावती उठली आणि तिनं पट्टी खर्रकन ओढली. खाली कातडी कोरी. सुई टोचल्याची खूणसुद्धा नाही.

“अहो, मग तपासायला दिलंत काय?”

“तोच. नऊ वर्षांपूर्वी मेणात घालून दिलेला जुना तुकडा. कपाटात होता.” दत्ताजीराव आणखी चढले. “माझाच आहे ना? शेजाऱ्याचा दिला का?”

“काका, हे म्हणजे लग्नातला फोटो दाखवून सांगायचं, बघा, केस काळेच आहेत.”

“मामंजी छाती काढून सांगायचे, आमचं घराणं महाराजांच्या पलटणीतलं,” कुसुमावती म्हणाली. “सुई दिसली आणि पलटण पळाली!”

“सुईला कोण घाबरतंय!” दत्ताजीराव ओरडले. मग आवाज एकदम बसला. “नवीन काही निघालं तर?”

“निघालंय. मानेवर बसलंय. नाव तेवढं विचारायचंय,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी समोरच्या खोलीतल्या सर्जनला फोन लावला. दत्ताजीराव गळ्याचं बटण सोडायला लागले. बटण सुटत नव्हतं.

कुसुमावतीनं मदत केली नाही. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.