अनोळखी बाई

बाकावर बसायचं आणि एकमेकांना ओळखायचं नाही, एवढंच मॅडमनी सांगितलं होतं. ती गाडीची वाट बघणारी, तो शेजारी येऊन बसलेला कुणीतरी. तिला जायचंच आहे. त्यानं तिला थांबवायचं, पण हात लावायचा नाही.

नाट्यशिबिरातले बाकीचे हसले. ती दोघं नवराबायको आहेत हे पहिल्याच रविवारी सगळ्यांना कळलं होतं. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. तो नंबर तपासायचा आणि गिऱ्हाइकांशी बोलायचा. ती काड्या वाकवून फ्रेम कानावर नीट बसवून द्यायची. नाटकाची हौस त्याची. सोबत म्हणून तिचंही नाव त्यानंच घातलं होतं, आणि आजवर ती भिंतीला टेकून दुसऱ्यांचं बघत आली होती.

शाळेच्या हॉलमध्ये मधोमध बाक ठेवला. कुणीतरी प्रवासाची रिकामी बॅग आणून दिली. हात कुठं ठेवावेत कळेना, म्हणून तिनं ती मांडीवर घेतली.

नवरा ऐटीत आला. रुमालानं बाक झटकून बसला आणि म्हणाला, आज संप आहे, गाडी यायची नाही. हॉल हसला. मग म्हणाला, आली तरी थांबायची नाही, ड्रायव्हरचं बायकोशी भांडण झालंय. हॉल आणखी हसला. तिलाही सवयीनं हसू फुटायला लागलं. तेवढ्यात तिनं त्याच्याकडे पाहिलं.

दुकानात गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायची, तसं पाहिलं. वीतभर अंतरावरून, घाई न करता. एक कान किंचित खाली. नाकावर फ्रेमचा वळ. हा माणूस आपण याआधी कधी बघितलेला नाही, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि गंमत म्हणजे ते जमलं. हसू ओसरलं. मांडीवरची बॅग जड झाली.

"जायचं एवढं काय अडलंय?" त्यानं विचारलं.

"समुद्र बघायचाय," ती म्हणाली.

हे कुठून आलं, तिचं तिलाच कळलं नाही. तिला स्वतःला समुद्राचं कधी वेड नव्हतं. पण या बाईला होतं. आणि बोलता बोलता तिला पुढचंही दिसत गेलं. या बाईनं घराची किल्ली शेजारणीकडे दिली होती, झाडांना पाणी घालायला सांगितलं होतं, आणि कुठं चालले ते मात्र कुणाला कळू दिलं नव्हतं. ते सगळं ती सांगत गेली, सावकाश, बेताच्या आवाजात.

नवऱ्याच्या ओठांवर एक विनोद येऊन थांबला होता. तो तिला दिसला. तो तिथंच विरला, तेही दिसलं.

"परत कधी याल?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. आणि आवाजही दुकानातला नव्हता.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. सगळे उत्तराची वाट बघत होते, आणि उत्तर तिच्यापाशी होतं. द्यायचं की नाही, ते तिनं ठरवायचं होतं. हा क्षण अजून थोडा ताणता येईल, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ताणला. मग बॅग उचलली, वजनानं एका अंगाला झुकली, आणि न बोलता दारातून बाहेर निघून गेली.

व्हरांड्यात आल्यावर आतून टाळ्या ऐकू आल्या. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागलीय. पण भीती वाटत नव्हती. हे पुन्हा करायचं होतं. उद्या, आत्ता, जमलं तर रोज.

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी फारसं कौतुक केलं नाही. पुढच्या रविवारी सुरुवात तुमच्यापासून, एवढंच म्हणाल्या.

"मीच विचारायला येणार होते," ती म्हणाली.

शिबिर सुटल्यावर ती नवऱ्याबरोबर घरी निघाली. एरवी झपाझप पुढं जाणारा माणूस आज तिच्या बरोबरीनं चालत होता. भाजी घ्यायची राहिली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सिग्नलला थांबल्यावर त्यानं जरा चाचरतच विचारलं, "ती बाई पोचली असेल का गं?"

तिनं खरोखरच विचार केला.

"अजून गाडीतच असेल," ती म्हणाली. "पण खिडकीची जागा मिळालीय तिला."