कस्तुराची शीळ

त्र्यंबकरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि कस्तूर सापडला. ओढ्यापलीकडच्या ओल्या दगडावर, काळानिळा पक्षी, ऐटीत बसलेला. श्रावणात येऊरच्या डोंगरावर यायचं ते याच्याचसाठी. कामधाम नसलेल्या माणसानं रमतगमत घालावी तशी त्याची शीळ. या नादापायी नौपाड्यातले शेजारी त्यांना अर्धवट समजत, आणि त्यांना त्याचं काहीही वाटत नसे.

यंदा पत्नी सुहासिनीबाई हट्टानं बरोबर आल्या होत्या. येताना चढावर त्र्यंबकरावांनी ती शीळ त्यांना घालून दाखवली. "तू बघ घालून," म्हणाले.

"इश्श! बायका शीळ घालतात का कुठे? आईनं थोबाड फोडलं असतं माझं."

ओढ्यापाशी आल्यावर ते म्हणाले, "बरं, आता बोलायचं नाही. ऐकू आली की नुसतं बोट वर करायचं."

दोघं एका छत्रीत उभी राहिली. जरा वेळानं सुहासिनीबाईंचं बोट वर गेलं.

त्र्यंबकरावांनी घाईनं दुर्बीण लावली. कस्तुराची चोच उघडी होती, गळा थरथरत होता. ओढ्याचा आवाज येत होता, छत्रीवरच्या थेंबांचा येत होता. शीळ तेवढी नव्हती. त्यांनी भिंगं धोतराच्या सोग्यानं पुसली, जणू दोष भिंगांचाच होता, आणि पुन्हा पाहिलं. गळा थरथरतच होता.

"किती गोड हो!" सुहासिनीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून थांबल्या. "तुम्हाला...?"

"ओढा फार वाजतोय आज."

ओढा दरवर्षी एवढाच वाजायचा. यंदा कोकीळ आलाच नाही, असं त्र्यंबकराव चैत्रात म्हणाले, तेव्हा ही गप्प का बसली, ते त्यांना आत्ता कळलं.

पायवाटेनं गवताचे भारे घेऊन दोन बायका येत होत्या. सुहासिनीबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग पदर सावरला, नवऱ्याचा खांदा धरला आणि ओठ त्याच्या कानाशी नेले. आधी नुसती फुंकरच निघाली. मग शीळ आली, तुटकी, बेसूर.

"आगो बाय! ही त शीटी मारते!" भारेवाली खिदळली.

सुहासिनीबाईंनी वळून पाहिलं नाही. ओठ ओले केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्र्यंबकरावांनी दुर्बीण खाली घेतली आणि बोट वर केलं.