पाण्याचा वार

नळ खळखळला. भानुमतीबाईंनी तोटीखाली घागर लावली आणि शेजारच्या भिंतीकडं कान देऊन उभ्या राहिल्या.

पडेगावातल्या त्या गल्लीत पाणी आठवड्यानं यायचं, आणि ते आल्याची वर्दी भिंतीपलीकडून आवडाबाई द्यायच्या. "ताई, आलं बरं का पाणी!" दोघी एकट्याच राहायच्या. एकीचा मुलगा पुण्याला, दुसरीचा पाचोडला शेतावर. भानुमतीबाईंच्या आठवड्यातलं हक्काचं बोलणं काय ते एवढंच, त्या हाकेपासून सुरू व्हायचं. आज हाक आली नाही.

घागर भरली, हंडा लावला. नसेल लक्ष, बाई मनाशी म्हणाल्या. पण नसेल कसं? नळ नुसता फुसफुसला तरी उठून बसणारी बाई ती. म्हणजे मुद्दामच. झालं, मनाला पाय फुटले. परवा आवडाबाईंनी गरम धपाटे आणून दिले होते आणि बाईंनी ताटली तशीच रिकामी परत केली. चिमूटभर साखर नव्हती का घरात टाकायला? होती की, डबाभर. वर 'तिखट जरा पुढं आहे' हेही ऐकवलं. कुणी विचारली होती चव!

पिंप भरलं. बाई दोनदा भिंतीपाशी जाऊन आल्या. आपणच हाक मारावी का? आणि त्यांनी ओ दिली नाही तर? नकोच ते. हल्ली मुलगाही फोनवर दोन वाक्यांत आटपतो. सून तर येतच नाही बोलायला. म्हणजे खोट आपल्यातच आहे, आपल्या जिभेपायीच माणसं लांब जातात. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं, आणि आता भूकही मेली.

पातेली भरली, तपेली भरली, तांब्यासुद्धा सुटला नाही. मग पाणी अंगणात वाहायला लागलं, तरी बाई पायरीवर बसून नुसत्या बघत राहिल्या. या वयात शेजारणीसाठी रडायचं म्हणजे कमालच. पण रडू आलं खरं. थोड्या वेळानं धार बारीक झाली आणि नळ थांबला.

दिवेलागणीला कडी वाजली. दारात आवडाबाई उभ्या होत्या. डोक्याला फडकं बांधलेलं, डोळे तापानं लाल, हातात रिकामी कळशी. त्यांनी चौकटीचा आधार घेतला.

"रातीपासून लई ताप हाय, ताई. उठताच येईना. घरात प्यायला थेंब नाय, म्हनून आले."

बोलता बोलता त्यांची नजर अंगणातल्या चिखलावर गेली. तिथून काठोकाठ भरलेल्या पिंपावर.

"पानी यिऊन गेलं व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. "मी पडल्या पडल्या कान देऊन व्हते. म्हनलं, आलं असतं तर ताईंनी हाक मारलीच असती."