सुभद्राबाईंची जागल

शेवटी सुभद्राबाईंना झोप लागली, आणि रानडुकरांनी दोन एकर ज्वारी आडवी केली.

आता असं काही झालंच नाही. तसं घरात सकाळीच ठरलं. सासू अंबूबाईंनी ठरवलं, नवऱ्याने, म्हणजे रंगरावांनी, मान हलवली, आणि चहाला उकळी येईपर्यंत झालेली गोष्ट न झालेली झाली. बाईमाणूस रात्रीचं वावरात पीक राखायला, जागलीला गेलं होतं हे गावाला कळलं असतं, तर ज्वारी राहिली बाजूला, अब्रूच आडवी झाली असती.

पण पटवारी शंकरराव पंचनाम्याला आले आणि ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी नको तेच विचारलं.

"जागलीले कोन होतं?"

"कोनीच नोतं," रंगराव म्हणाले.

"मंग शेतसारा माफ होत नाही. पीक वाऱ्यावर सोडलं, असं लिहा लागते."

"मी होतो."

"जागे होते का झोपले होते?"

रंगराव पेचात पडले. जागे होतो म्हणावं, तर डुकरं काय विचारून आत आली? झोपलो होतो म्हणावं, तर तेही जमेना. पंधरा-वीस दिवसांपासून त्यांना झोप नव्हती, आणि ही बातमी मोताळ्याच्या बाजारापर्यंत गेली होती. पन्नाशीच्या पुरुषाची झोप गेली म्हणजे त्याच्या डोक्यावर भार आहे, असं मलकापूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं. कसला भार, ते रंगरावांना अजून सापडलं नव्हतं. पण घराने तो मान्य केला होता. टाळूवर तेल, रात्री दूध, आणि ज्वारी नुकती दाण्यावर आली तरी जागल बंद. कोंबडासुद्धा शेजारच्या इंद्रभानकडे ठेवायला दिला. त्यामुळे इंद्रभानची झोप उडाली. पण तो बाविशीचा, म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याच्यासाठी मुली पाहायला घेतल्या.

"तुमाले तं झोपच येत नाही ना बाप्पा?" शंकरराव म्हणाले. "मंग मी काय लिहू?"

"मी होती," दारामागून आवाज आला.

अंबूबाईंना एकदम खोकला आला.

सुभद्राबाई उंबऱ्यात आल्या. "जागलीले मी होती. मचानावर. आन मी झोपली." बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, म्हणून पुन्हा म्हणाल्या, "लय झोपली."

"खोटं बोलते, साहेब!" अंबूबाईंचा खोकला थांबला. "ही झोपतच नाही. म्हनून तं मीच म्हनलं, घरात जागून काय पिकते? तशीबी जागीच रायते, तं वावरात जाग."

रंगराव बायकोकडे वळले. "तुले झोप येत नाही? कधीपासून?"

"थोरली पोटात होती तवापासून."

थोरलीला आता दोन लेकरं होती.

"मी तं तुले कधी जागी नाही पाह्यली!"

"तुमी झोपून राहत. मंग दिसन कसं?"

"पन आता तं मीबी जागा आहो ना? रोज पाहून राह्यलो, तू गाढ झोपून रायते."

"डोये मिटून पडत होती," सुभद्राबाई म्हणाल्या. "दोघंबी जागे दिसलो असतो, तं तुमाले आनखी घोर लागला असता."

रोज रात्री तिच्याकडे पाहून रंगराव मनात म्हणत, हिचं बरं आहे, हिच्या डोक्यावर काही नाही. इतक्या रात्रींचा तो हेवा आता कुठे नेऊन ठेवावा?

"तिचं काय घेऊन बसला बे रंगा?" अंबूबाई म्हणाल्या. "बायाले कुठं झोप असते? मले तं तू झाला तवापासून नाही. मी गेली का डाक्टरकडं?"

रंगरावांनी मनातल्या मनात स्वतःचं वय काढलं आणि आईकडे पाहायचं टाळलं.

शंकररावांचा पंचनामा मात्र तिथेच अडला होता. "पन बाई, घरी येत नाही ते झोप मचानावर कशी आली?"

"घरात कोनाले काई झालं तं आधी मलेच आयकू येते. सासूबाईचा खोकला, म्हशीची साखळी, ह्यायचं कूस बदलनं. तिथं मले हाक मारनारं कोनीच नोतं, साहेब."

"आन डुकरं?"

"डुकरानं हाक नाही मारली."

शंकररावांनी पेन कानामागे खोचलं. "मंग इतकी वर्सं डुकरं काऊन नाही आले?"

"रंगा मचानावर घोरते ना," अंबूबाई म्हणाल्या. "गावात आयकू येते. डुकराले काय जीव प्यारा नाही?"

म्हणजे जागलीवर झोपायला हरकत नव्हती. फक्त बिनआवाजाचं झोपणं चालत नव्हतं.

बराच विचार करून शंकररावांनी लिहिलं: जागलीवर रंगराव स्वतः, पूर्ण जागे, डुकरं दिसली नाहीत, पीक आपोआप आडवं. त्यावर सर्वांचं समाधान झालं.

"आज रात्री मीच जातो," रंगराव म्हणाले.

"हाव, तूच जाय," अंबूबाई म्हणाल्या. "तिले राहू दे घरी. काल बिचारीचे लय हाल झाले."

शंकररावांनी पेनाला टोपण लावलं, तेव्हा सुभद्राबाई ओट्याच्या कडेपर्यंत आल्या. चावडीवर अर्ज वाचून दाखवतात ना, त्या आवाजात बोलायला लागल्या. हे त्यांनी कधी पाठ केलं, कोण जाणे. रात्री मोकळ्याच असायच्या.

"अर्जदार सुभद्रा, भ्रतार रंगराव, विनंती अर्ज करते की, सदरहू मचाण अर्जदाराच्या नावे कायम करण्यात यावं. रात्री कोणी हाक मारू नये. उन्हं डोक्यावर येईतोवर उठवू नये. डुकरांविरुद्ध अर्जदाराची काही तक्रार नाही. तरी मंजुरी आज रात्रीपासूनच मिळावी, ही विनंती."