पाखरू धरायचं कसं

जन्मभर गाईम्हशींची अडलेली वासरं ओढून काढलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरला मुठीएवढा लव्हबर्ड काही धरता येईना. दवाखान्यात आता गुरं येत नव्हती, पोपट आणि कासवं येत होती. हे शिकणं जमलं नाही तर दाराला कुलूपच लावायचं होतं. प्रशिक्षणवर्गातल्या बरोबरच्या पोरापोरींची पाखरं धरून, नखं कापून केव्हाच झाली होती.

"डॉक्टर, सोडा त्याला!" शिकवणारी पुन्हा ओरडली. "पक्षी छाती हलवून श्वास घेतो. छाती दाबलीत की गुदमरतो. मान दोन बोटांत, बाकी हात सैल." तिने पाखरू त्याच्या मुठीतून सोडवून घेतलं.

"कालपर्यंत माझ्या स्टेथोस्कोपने खेळत होती, आज बापाला डॉक्टर म्हणतेय!" तो पुटपुटला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"म्हशींना सरावलेले हात आहेत हे, यांना नाही जमायचं!" म्हणत त्याने वैतागून एप्रनची गाठ सोडायला घेतली.

तिने पाखरू पिंजऱ्यात ठेवलं आणि आपलं मनगट त्याच्या हातात दिलं. "हे धरा. नाडी लागली पाहिजे, पण मला दुखता कामा नये."

त्याने रागारागाने मनगट आवळलं आणि चपापला. "अगं, केवढी ही धडधड!"

"वर्गात तुम्ही बसलाय ना, बाबा," ती फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमच्यासमोर शिकवायचं, काही चुकलं तर?"

म्हाताऱ्याची बोटं आपसूक सैल झाली.

"हां, अस्सं. एवढंच," ती म्हणाली. "आता पाखरू घ्या."