लाल दोऱ्याची वीस

"कानले हात लावशी ते हात तोडी टाकसू," दगूबाई म्हणाली आणि तिने काठी जमिनीवर आपटली.

पितांबरने पितळी बिल्ले आणि कान टोचायचा चिमटा पिशवीत परत घातला. गुरांच्या दवाखान्यात नोकरीला लागून त्याला दोन वर्षं झाली होती. काठीपुढे सरकारी हुद्दा चालत नाही, एवढं तो शिकला होता. समोर जाळीच्या वाड्यात चाळीस कोकरं दाटीवाटीने उभी होती. सगळी काळी, त्याच्या डोळ्यांना सगळी एकसारखी. खतासाठी दगूबाईचा कळप चुनीलाल पाटलांच्या शेतात बसला होता. पाटलांनी शब्द टाकला नसता, तर तिने पितांबरला बांधावरही उभं केलं नसतं.

"मग गळ्यात लाल दोरा बांधतो," तो म्हणाला. "वीस कोकरांना दोरा आणि दर महिन्याला जंतांचं औषध. बाकीची वीस तशीच."

"तशीच म्हनजे?"

"त्यांना काहीच द्यायचं नाही, मावशी. दिवाळीला सगळ्यांची वजनं करू. औषधाने फरक पडला असं वहीत दिसलं, तर पुढच्या पावसाळ्यापासून शहादा तालुक्यातल्या एकूण एक कळपाला सरकार फुकट औषध देईल."

"सरकारनं पुढलं साल कोनी दखं?" दगूबाई म्हणाली. "मांगला साल मन्हा सव्वीस कोकरा मरनात. जंत व्हयनात, गळाखाले पानीनी सूज उनी नि मरनात. तवय तू औषध लिसन नही उना, मरेलस्ना आकडा लिखाले उना. गुजरना पोऱ्या, पुनाले दोन बुकं शिकना नि मायनी बोली इसरना!"

शेवटचं पितांबरला झोंबलं, कारण ते खरं होतं. सव्वीसचा आकडाही त्यानेच लिहिला होता.

त्याने एकाआड एक कोकरू धरलं, जबडा उघडून मोरचुदाचं निळं पाणी मापाने घशात सोडलं आणि गळ्यात दोरा बांधला. वहीत तारीख, माप, संख्या टिपली. अक्षर सुरेख होतं. त्याच्या वहीबद्दल धुळ्याच्या साहेबांनी एकदा चांगला शेरा दिला होता, आणि तो त्याने आईला वाचून दाखवला होता.

दगूबाई त्याच्या पायाजवळ थुंकली. "मन्ही सासू जंतस्वर पळसनं बी, पळसपापडी दे. तुन्हा ह्या निया पानीथून ती बरी."

"पळसपापडी अजिबात द्यायची नाही!" पितांबर ओरडला. "बिनदोऱ्याच्या कोकरांना तुम्ही काहीही चारलंत, तर सगळा प्रयोग पाण्यात जाईल."

ती हसली. ते हसणं त्याला आवडलं नाही.

त्या दिवसापासून तो डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवू लागला. औषधाची तारीख नसली तरी अचानक सायकल मारत यायचा. कोकरांची तोंडं हुंगायचा, तिची गाठोडी सोडायचा, पाट्यावर बोट फिरवून पाहायचा. पळसाची एक बी सापडेल तर शपथ. दगूबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. श्रावणात तिने अंगावर कुत्रं सोडलं आणि कुत्र्याने त्याच्या विजारीचा एक पाय फाडला. त्याने फाटक्या विजारीतच दोरे मोजले. वीस. वहीत वीस लिहिलं.

बिनदोऱ्याच्या कोकरांच्या पापण्या तो उलटून पाहायचा. जंत रक्त पिऊ लागले की पापणी आतून पांढरी पडते. पण सगळ्यांच्या पापण्या लालभडक. ती वीस कोकरं कधी मलूल पडतात याची आपण वाट पाहतोय, हे लक्षात आलं की त्याला स्वतःची लाज वाटायची. तरी तो वाट पाहायचा.

भाद्रपदात शेजारच्या शिवारात रूपलीबाईच्या कळपातली अकरा कोकरं जंतांनी गेली. रूपलीबाई रस्त्यात त्याची सायकल अडवून रडली. पितांबर हळहळला, पण तिचा कळप प्रयोगात नव्हता. ती अकरा कोकरं वहीत गेली नाहीत.

दिवाळीला त्याने निंबाच्या फांदीला काटा टांगला. दोऱ्याची वीस वेगळी, बिनदोऱ्याची वीस वेगळी. चाळीसच्या चाळीस जिवंत, आणि दोन्हीकडच्या वजनांत पाव रत्तलाचाही फरक नव्हता. त्याने तीनदा बेरीज केली. आकडे खोटं बोलत नाहीत, असं त्याला पुण्यात शिकवलं होतं. जड मनाने त्याने अहवाल लिहून धुळ्याला पाठवला.

महिन्याभराने तो पुन्हा वाड्यावर गेला, तेव्हा दगूबाईने कुत्र्याला हाकलून दिलं.

"ये भाऊ, बस," ती म्हणाली.

पितांबर दचकला. आजवर तिने त्याला बसायला सांगितलं नव्हतं.

"पुढला साल औषध कवय लयशी?" तिने विचारलं. "मन्ही बहीनना पन्नास कोकरा शेतस. तिले बी दे. अनि ती रूपली, तिले तं पहिले दे."

"आता कसलं औषध, मावशी?" त्याच्या आवाजात सहा महिन्यांचा राग होता. "तुम्ही जिंकलात. वहीत काडीचा फरक नाही. औषधाचा उपयोग नाही, असा निकाल लागला. साहेबांनी काल कागदावर सही केली, तालुक्याच्या सगळ्या बाटल्या परत मागवल्या. औषध घेतलेली वीस आणि न घेतलेली वीस, दोन्ही सारखीच निघाली."



"न घेयेल कोनता रे, भाऊ?" दगूबाई म्हणाली. "तू औषध पाजीसन गया का दर खेपले मी त्या दोरा सोडीसन बाकीना वीसस्ले बांधी देऊ. चाळीसबी कोकरास्नी तुन्हंच औषध पिधं."