वहीवाली

मावशी आली तशा चहाच्या टेबलावरच्या चौघी गप्प झाल्या.

“काय गं, काय चाललंय?”

“कुठं काय, असंच,” काजवाली म्हणाली. वहीवालीने हळूच वही मिटली.

बावीस वर्षं मावशी त्या शिवणकारखान्यात तपासनीस होती. प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जायचा आणि बायकांची प्रत्येक भानगड तिच्या कानावरून. सासूचा जाच असो की चोरून जमलेलं लग्न, आधी मावशीला सांगायचं, मग देवाला.

तीन महिन्यांपूर्वी विद्यापीठातून ही वहीवाली पोरगी आली. कामावर माणसं कशी वागतात याचा तिला अभ्यास करायचा होता म्हणे, तोही लांबून नाही, त्यांच्यातच बसून, मशीन चालवून. पहिल्याच आठवड्यात तिने बोटात सुई घुसवून घेतली आणि सगळ्यांची लाडकी झाली.

काजवालीला दिवस गेल्याचं मावशीला कळलं ते या पोरीच्या तोंडून. असं आधी कधी झालं नव्हतं.

“आमची उणीदुणी लिहून मोठी होणार तू,” ती एकदा म्हणालीच.

“नावं नाही लिहीत मी कुणाची, मावशी. आणि ही वही साहेबांनासुद्धा दाखवायची नाही, असं ठरलंय.”

“असं आहे तरी काय त्यात?”

पोरीने वही पिशवीत सारली.

हल्ली जेवणाच्या सुट्टीत वहीवाली आणि त्या तिघी मालाच्या खोलीत शिरायच्या, आतून कडी लावायच्या. मावशी आपला डबा घेऊन एकटीच बसायची. त्या दिवशी मात्र तिने डबा उघडलाच नाही. सरळ पोरीच्या पिशवीतून वही काढली. मुंगीएवढं अक्षर, कोण वाचत बसणार? ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

“बायकांना फितवतेय ती, साहेब. तुम्हीच बघा.”

“तुम्ही वाचलीत?”

“मला काय करायचंय? पण आजच्या आज घालवा तिला.”

साहेब पानं उलटू लागले. मावशीला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. उद्यापासून चहाच्या टेबलावरची तिची जागा पुन्हा तिचीच.

एका पानावर साहेब थांबले. ते पान त्यांनी दोनदा वाचलं.

“बसा, मावशी.”

बावीस वर्षांत त्यांनी तिला कधी बसायला सांगितलं नव्हतं.

“‘तपासणीच्या बाईंना आता टाके दिसत नाहीत,’” साहेब वाचू लागले. “‘त्यांनी पास केलेला माल आम्ही चौघी रोज सुट्टीत कडी लावून पुन्हा तपासतो. बाकी कुणालाही कळलं तरी चालेल, पण बाईंना कळू द्यायचं नाही, अशी तिघींनी मला शपथ घातली आहे.’”